आठशे सहासष्टचा खड्डा

वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी मी पीएच.डी.ला नाव नोंदवलं. आमच्या कॉलेजात नोटीस लागली होती की ज्यांच्याकडे पीएच.डी. नाही, त्यांनी ती मिळवावी किंवा दुसरीकडे बघावं. नोटिशीतली भाषा याहून सभ्य होती, पण अर्थ शिपायालाही कळला होता. तोवर मी कराडच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात पंधरा वर्षं अँटेना हा विषय शिकवत होते, आणि त्या पंधरा वर्षांत मी स्वतःच्या हातानं एकही अँटेना बनवला नव्हता. याबद्दल मला कधी कुणी विचारलं नाही. मुलांना 'येणारे प्रश्न' हवे असत, ते मी देत असे, आणि ते येत असत. सगळं सुरळीत चाललं होतं.

गाईड म्हणून मला आमचे विभागप्रमुखच मिळाले. त्यांना आम्ही सगळे नुसतं 'सर' म्हणायचो. सरांच्या नावावर खंडीभर शोधनिबंध होते, आणि त्या प्रत्येकात शेवटून दुसऱ्या पानावर एक वाक्य हमखास असायचं : 'सिम्युलेशन आणि प्रत्यक्ष मोजमाप यांच्यात उत्कृष्ट मेळ आढळतो.' विषय कुठलाही असो, वर्ष कुठलंही असो, मेळ उत्कृष्टच. इतका मेळ मी आमच्या सोसायटीतल्या दोन घरांतही कधी पाहिला नाही.

माझा विषय सरांनीच सुचवला. उसाच्या रानात जमिनीतला ओलावा मोजायचा आणि तो आकडा रेडिओलहरींनी घरापर्यंत पाठवायचा. त्या कामासाठी एक चपटा, स्वस्त अँटेना मी तयार करायचा. "मथळ्यात 'शेतकरी' शब्द घाला," सर म्हणाले, "कमिटी लवकर मान्य करते." मी घातला. कमिटीनं चहा संपायच्या आत मान्य केलं.

काम असं होतं. आधी कॉम्प्युटरवर अँटेनाचं चित्र काढायचं, त्याची मापं द्यायची, तो कुठल्या पत्र्यावर बसणार ते सांगायचं. मग कॉम्प्युटर चार तास घरघरतो आणि एक आलेख देतो. त्या आलेखात एका जागी रेघ खाली कोसळते, खड्डा पडतो. खड्डा जिथं पडेल त्या वारंवारितेवर अँटेना चांगला चालतो. बाकी ठिकाणी तो दिलेली शक्ती तशीच परत पाठवतो, पोस्टमननं पत्ता न सापडलेलं पत्र परत आणावं तशी. मला खड्डा हवा होता आठशे सहासष्ट मेगाहर्ट्झला.

महिनाभर मापं बदलून बदलून एके दिवशी तो बरोब्बर आठशे सहासष्टला पडला. खोल, अरुंद, देखणा. मी त्याचा फोटो काढून नवऱ्याला पाठवला. त्याचं उत्तर आलं, "हे चांगलं आहे का वाईट?"

आता तो अँटेना खरा बनवायचा होता. हे काम आमच्या लॅबमधल्या चाचांचं. ते लॅब असिस्टंट होते, निवृत्तीला चारेक वर्षं राहिली होती, आणि रोज मिरजेहून रेल्वेनं कराडला यायचे. त्यांच्या घरी पिढीजात सतारी बनवायचं काम. भाऊ अजून तेच करत होते, चाचा तेवढे नोकरीत आले होते. "घरात सगळ्यांनीच लाकूड तासायचं म्हटल्यावर पगार कुणी आणायचा?" असं ते म्हणायचे. त्यांनी तांब्याचा थर असलेल्या फायबरच्या पत्र्यावर माझं चित्र उतरवलं, प्लास्टिकच्या टबात फेरिक क्लोराईडच्या पिवळ्या पाण्यात तो हलवत ठेवला, नको ते तांबं विरघळवलं, धुतलं, पुसलं आणि माझ्या हातात दिलं. पोस्टकार्डाएवढी वस्तू. पंधरा वर्षांत पहिल्यांदा माझा अँटेना मला दिसत होता.

मोजायचं यंत्र सरांच्या ताब्यात होतं. नेटवर्क अॅनलायझर म्हणतात त्याला, आणि आमच्या विभागाचं ते देवस्थान होतं. त्याला रेक्झिनचं कव्हर, कव्हरला चेन, खोलीला कुलूप आणि किल्ली सरांच्या ड्रॉवरमध्ये. बाहेरची तपासणी समिती आली की ते उघडायचं. शिवाय दरवर्षी खंडेनवमीला उघडायचं, तेव्हा त्याची पूजा व्हायची. हळदकुंकू, झेंडूची माळ, पुढ्यात नारळ. समिती दोन वर्षांतून एकदा यायची आणि खंडेनवमी दरवर्षी, म्हणजे यंत्राला मोजायचं काम कमी आणि पूजा जास्त असा हिशेब होता.

मी अर्ज करून किल्ली मिळवली. चाचांनी केबल जोडली, अँटेना लावला. पडद्यावर रेघ उमटली, आणि खड्डा पडला आठशे पंचेचाळीसला.

"म्याडम," चाचा म्हणाले, "ह्यो पेच दोन आटे कमी बसतोय बघा."

"हं," मी म्हणाले. मी आलेख पेन ड्राइव्हवर घेत होते. पेचाबिचाकडे लक्ष द्यायला मी काय फिटर होते? मी संशोधक होते.

एकवीस मेगाहर्ट्झचा फरक म्हणजे थोडाथोडका नाही. आष्ट्याला उतरायचं आणि एसटीनं सांगलीला नेऊन सोडायचं, असा हा प्रकार. मी दोन्ही आलेख घेऊन सरांकडे गेले. डॉक्टरनं एक्स-रे धरावा तसा त्यांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला.

"काल कोयनेला धक्का बसला म्हणे. वाचलंत का?"

"हो. पण सर, त्यानं—"

"तसं नाही, जस्ट विचारलं." मग कागद खाली ठेवून म्हणाले, "पत्र्याचा एप्सिलॉन किती घेतलात?"

एप्सिलॉन म्हणजे पत्र्याच्या आत लहर किती मंदावते ते सांगणारा आकडा. तो चुकला की खड्डा सरकतो.

"चार पॉइंट चार."

"कुणी सांगितलं?"

"सगळेच तेवढा घेतात, सर. तुमच्या पेपरमध्येही तोच आहे."

"मग आता चार पॉइंट सहा दोन घ्या."

"का?"

सरांनी चष्मा काढला. "मॅडम, मॅच व्हायला पाहिजे ना?"

मी परत येऊन चार पॉइंट सहा दोन घातला. कॉम्प्युटर घरघरला, आणि त्यानं खड्डा आठशे पंचेचाळीसला आणून ठेवला. दोन रेघा एकमेकींवर अशा चिकटल्या की छापल्यावर एकच दिसेल, म्हणून मला एक ठिपक्याठिपक्यांची करावी लागली. इथं मी असं लिहायला पाहिजे की माझं मन मला खात होतं. तसं काही झालं नाही. मला फार आनंद झाला. मी तो आलेख मोठा करून टेबलापुढच्या भिंतीला लावला, निबंधात त्याखाली ते 'उत्कृष्ट मेळ'वालं वाक्य स्वतःच्या हातानं टाइप केलं, आणि आमचा शोधनिबंध चार महिन्यांत छापून आला. विभागात कंदी पेढे वाटले. चाचांनी पेढा घेतला, माझं अभिनंदन केलं आणि म्हणाले, "त्यो पेच एकदा बघाय पाहिजे व्हता."

पुढची पायरी सोपी होती. पत्रा चार पॉइंट सहा दोनचा आहे हे आता 'सिद्ध' झालं होतं. त्या हिशेबानं मी अँटेनाची मापं थोडी कमी केली, म्हणजे खड्डा परत आठशे सहासष्टला येईल. चाचांनी त्याच गठ्ठ्यातल्या पत्र्यांचे बारा अँटेना करून दिले. यंत्रावर लावले. बाराच्या बारा, आठशे सहासष्ट. सर स्वतः बघायला आले. "बघा," ते म्हणाले, "विज्ञान आहे हे."

ते बारा अँटेना घेऊन मी आष्ट्याला गेले. माझं सासर आष्ट्याजवळच्या गावात, घरचा ऊस आहे. सासरे सैन्यात सिग्नलमध्ये होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले, आणि तेव्हापासून घरातल्या प्रत्येक वायरवर त्यांची नजर असते. टीव्हीचं, मोबाइलचं, मिक्सरचं काहीही बिघडलं की ते आधी लांबून बघतात, मग म्हणतात, "अर्थिंग न्हाई." बहुतेक वेळा अर्थिंग असतं. मी अँटेनात पीएच.डी. करते आहे हे कळल्यापासून मला भेटले की ते मला तोंडी परीक्षा घेतल्यासारखे प्रश्न विचारायचे, आणि माझी उत्तरं त्यांना पसंत नसायची.

ऊस तेव्हा डोक्याच्या वर गेला होता. आम्ही बांबूच्या काठ्यांवर बारा डबे लावले. डब्यात रेडिओ, त्यावर माझा अँटेना, खाली जमिनीत खुपसलेला ओलाव्याचा खिळा. घराच्या गच्चीवर ऐकणारं यंत्र. मी लॅपटॉप उघडून बसले. बांधालगतच्या दोन डब्यांनी आकडे पाठवले. बाकीचे दहा गप्प.

मी बॅटऱ्या बदलल्या. जोड तपासले. पानांनी दोन्ही हात चिरले, केसांत कुसळं गेली. दहा गप्पच. मी सरांना फोन लावला, स्पीकरवर.

"हे तर उत्तमच झालं," सर म्हणाले.

"काय उत्तम?"

"उसात पाणी असतं. पाणी लहरी शोषून घेतं. ऊस हे शोषक माध्यम आहे, हा स्वतंत्र पेपर झाला मॅडम! तुम्ही फोटो काढून ठेवा."

मी फोटो काढले. खोटं कशाला सांगू, मथळाही मनात तयार झाला होता, आणि त्यात 'शेतकरी' शब्द होता. सासरे बांधावर उभे राहून हे सगळं ऐकत होते.

"ऊस लाटा खातो व्हय?" त्यांनी विचारलं.

"हो मामा. पानांत पाणी असतं ना, त्यामुळं."

"मग माजा रेडिओ रानात कसा वाजतोय?"

मी त्यांना समजावून सांगितलं की त्या लहरी लांब असतात, ह्या आखूड, तुलना करता येत नाही. हे खरंच होतं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि अजिबात मानलं नाही. डब्यांचे रेडिओ ज्या खोक्यातून आले होते ते खोकं त्यांनी माझ्या पिशवीतून काढलं. त्यात रेडिओबरोबर फुकट मिळालेले बोटाएवढे काळे अँटेना होते, प्लास्टिकच्या पिशवीत तसेच पडून.

"ह्ये काय हाय?"

"ते साधे असतात, मामा. सोबत देतात कंपनीवाले."

"लावून बगितलंस?"

"नाही. माझ्या संशोधनात ते—"

"द्ये हिकडं."

त्यांनी डोक्याला टॉवेल गुंडाळला, लेंगा गुडघ्यापर्यंत वर घेतला आणि उसात शिरले. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, पण सरीतून चालताना पानसुद्धा हललं नाही. मी गच्चीवर जाऊन लॅपटॉपसमोर बसले. पाच मिनिटांनी सगळ्यात लांबच्या, गप्प बसलेल्या डब्याच्या नावापुढे आकडा आला. मग दुसरा. दर अर्ध्या मिनिटाला एक, न चुकता.

खालून, उसाच्या मधूनच आवाज आला, "आलं का गं?"

मला 'नाही' म्हणावंसं वाटलं. पण मी ओरडले, "आलं, मामा!"

ते बाहेर आले ते लगेच काही बोलले नाहीत, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. त्यांनी हातपाय धुतले, चहा मागवला, आणि चहा अर्धा झाल्यावर म्हणाले, "आमच्याकडं येकदा असंच झालं व्हतं. आट दिवस आमी एरियल बदलत बसलो. ह्यो काढ, त्यो लाव. लय डोकं लावलं. शेवटाला कळलं, मीटरच खोटा दावत व्हता."

"आमचं मशीन फार भारी आहे, मामा."

"आमचाबी भारीच व्हता. सायबाचा व्हता."

सोमवारी मी लॅबमध्ये गेले आणि चाचांना म्हणाले, "तो पेच दाखवा."

माझ्या आयुष्यातली ही शास्त्रीयदृष्ट्या सर्वांत महत्त्वाची मागणी होती, आणि ती करायला मला दीड वर्ष लागलं होतं. चाचांनी केबल काढली. यंत्राच्या पुढच्या बाजूला, जिथं केबलीचा पेच बसतो, ते पितळी तोंड होतं. त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावून आत बघितलं. मग मागं सरकले आणि मोबाइल माझ्या हातात दिला.

"काय आहे?"

"तुमीच बगा म्याडम."

मी बघितलं. आत, कडेनं, वाळून घट्ट झालेला लाल थर होता. थोडा पिवळाही.

"हे कुंकू आहे?"

"व्हय." चाचांनी खोलीचं दार लोटलं. "मला आधीच वाटलं व्हतं, पण मी कसं बोलायचं? सरांनी पूजा केलेली. मी उठून म्हणायचं का, तुमच्या कुंकवानं मशीन खराब झालं? माज्या तोंडनं ते बरं दिसंल का? म्हणून मी नुस्ता पेच म्हणत व्हतो."

त्या दीड वर्षात त्यांनी तीनदा तरी 'पेच' म्हटलं होतं. आणि सरांनी कुंकवाचं बोट बरोबर त्या तोंडालाच लावलं होतं, "सिग्नल इथून आत जातो" असं मुलांना समजावत. दरवर्षी लावत होते. हे मला नीट आठवत होतं, कारण त्या वेळी पूजेचं ताट माझ्या हातात असायचं. विभागात मी एकटीच बाई, म्हणून ताट माझ्याकडे. म्हणजे गुन्ह्यात मी नुसती साक्षीदार नव्हते, साहित्य मीच पुरवलं होतं.

चाचांनी खिशातून बारीक ब्रश काढला, तो त्यांनी घरून आणला होता. स्पिरिटमध्ये बुडवून, दम धरून, पाऊण तास ते तोंड साफ करत होते. मग पेच बसवला. दोन आटे जास्त फिरला. त्यानंतर आणखी एक गोष्ट निघाली. असं यंत्र वापरण्याआधी दरवेळी त्याचा शून्य लावून घ्यायचा असतो, त्यासाठी तीन छोटे पितळी तुकडे मिळतात. आमचे तुकडे मूळ डबीत, मूळ कापसात, न उघडलेले होते. यंत्र आजवर कुठल्या तरी जुन्या, फेकून दिलेल्या केबलीच्या हिशेबानं मोजत होतं. मी पंधरा वर्षं वर्गात हे तुकडे फळ्यावर काढून दाखवत आले होते. परीक्षेला आठ मार्कांना यायचे.

शून्य लावला आणि मोजलं. पहिला, जुना अँटेना : आठशे छप्पन्न. नवे बारा : आठशे सत्त्याहत्तर. म्हणजे पत्राही थोडा खोटा बोलत होता, त्याचा खरा आकडा साडेचारच्या आसपास निघत होता. उरलेला खोटेपणा यंत्राचा. आणि चार पॉइंट सहा दोन हा सर्वस्वी आम्हा दोघांचा, त्यात तिसऱ्या कुणाचा हात नव्हता.

मी सरांकडे गेले. सगळं सांगितलं. सर शांतपणे ऐकत होते, पेनचं टोपण काढत आणि लावत.

"पेपर छापून आलाय ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग आता प्रॉब्लेम काय आहे?"

"त्यातला आकडा खोटा आहे, सर."

"आकडा खोटा नसतो मॅडम. आकडा गृहीत असतो." हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की ते क्षणभर थांबले. "आणि तुम्ही काय लेखी देणार आहात? पूजेमुळं मशीन बिघडलं म्हणून? उद्या पेपरात येईल. कॉलेजचं नाव जाईल."

"पूजा म्हणत नाही मी. तोंड घाण होतं एवढंच म्हणते."

"तुम्ही थिसिस सबमिट करा," ते म्हणाले. "उगाच खोलात जाऊ नका."

मी बाहेर आले ती रागातच. राग सरांवर होता असं मी घरी सांगितलं. पण जिन्यात उभी राहिले तेव्हा मला भिंतीवरचा माझाच तो आलेख आठवत होता, मोठा केलेला. तो मी त्याच दिवशी काढला. चिकटपट्टीबरोबर भिंतीचा रंगही निघाला, तो पोपडा पुढं कित्येक महिने तसाच होता.

बारा अँटेना फेकून द्यावे असं माझं मत होतं. चाचा म्हणाले, "कशाला? खड्डा खाली आणायचा ना? तांबं वाढवू की." त्यांनी चिकट तांब्याची पट्टी आणली, अँटेनाच्या कडेला लावली, सोल्डरचे थेंब देऊन पक्की केली. खड्डा हवा त्याहून खाली उतरला. मग ब्लेड घेऊन केसाएवढी केसाएवढी पट्टी ते कापत गेले. मी पडद्यावरून आकडे वाचायचे.

"आठशे एकसष्ट. त्रेसष्ट. चौसष्ट पॉइंट पाच."

"बोला."

"पासष्ट. चाचा, हळू."

"तुमी वाचा म्याडम. हाताचं मी बगतो."

"सहासष्ट! थांबा!"

ते आधीच थांबले होते. एकेका अँटेनाला अर्धा तास, असे आम्ही दोन दिवस बसलो. माझ्या सगळ्या पीएच.डी.त मला खरोखर काही कळलं असेल तर ते त्या दोन दिवसांत, आणि ते मला चार वेळा नापास झालेल्या आयटीआयच्या माणसानं शिकवलं. नापासाचं त्यांनीच सांगितलं. हसत.

मग मी सिम्युलेशनही नव्यानं केलं. साडेचारचा पत्रा, कडेची पट्टी, सोल्डर, डब्याचं झाकण, जे जे खरं होतं ते ते सगळं त्यात घातलं. कॉम्प्युटर चार तास नव्हे, आता दोन दिवस घरघरला आणि म्हणाला, आठशे अडुसष्ट. यंत्र म्हणत होतं, आठशे सहासष्ट. दोन रेघा एकमेकींवर बसल्या नाहीत. शेजारणींसारख्या राहिल्या, बोलणं होतं पण घरं वेगळी. मी तो आलेख तसाच प्रबंधात घातला आणि खाली लिहिलं की फरक दोन मेगाहर्ट्झचा आहे, आणि त्यातला सगळा मला समजलेला नाही.

रानात बारापैकी नऊ डबे बोलायला लागले. दोघांच्या वायरी उंदरांनी तोडल्या, एक का गप्प आहे ते शेवटपर्यंत कळलं नाही. नऊ डब्यांनी सांगितलं की मधल्या पट्ट्यात पाणी पोचत नाही. मी ते उत्साहानं सासऱ्यांना सांगितलं.

"त्ये मला म्हाईत हाय," ते म्हणाले. "तिथं चढ हाय."

पण चार दिवसांनी त्यांनी तिकडची दारं मोडून पाणी वळवलं. माझ्या यंत्रामुळं नव्हे, असं त्यांनी सासूबाईंना दोनदा सांगितलं.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. बारीक चणीचे, कमी बोलणारे. त्यांनी पानं उलटत उलटत नेमका तो आलेख काढला.

"हे जुळत का नाही?"

सर माझ्याकडे बघत होते. मी सांगायला सुरुवात केली. पत्रा सांगितला, शून्य सांगितला, आणि मग म्हणाले, "त्याआधी आमच्या यंत्राच्या तोंडात कुंकू होतं, सर."

परीक्षकांनी चष्म्यावरून वर बघितलं. "आमच्याकडे लिंबू-मिरची बांधतात," ते म्हणाले. "पंख्याच्या जाळीला. गरम होऊन मशीन बंद पडायचं." मग लगेच गंभीर झाले. "आणि तुमचा छापून आलेला पेपर? त्यात तर जुळतंय."

"ते चुकीचं आहे. मी दुरुस्ती पाठवणार आहे."

हे मी तोवर ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. सरांनी घड्याळ बघितलं.

परीक्षकांनी मोजमापातल्या चुकांवर एक जादा प्रकरण लिहायला लावलं, त्यात सहा महिने गेले. डिग्री मिळाली. दुरुस्तीच्या कागदावर सरांचीही सही लागत होती. ते दोन महिने माझ्याशी फक्त टाइमटेबलपुरतं बोलले, आणि शेवटी एकदा सही करायला तयार झाले, एका अटीवर. 'कुंकू' शब्द नको. तिथं 'बाह्य कण' लिहायचं. मी लिहिलं. मोठ्या तत्त्वाची लढाई मी तेवढ्यावर मिटवली, हेही इथं नोंदवलेलं बरं.

तीन ओळींची ती दुरुस्ती छापून आली. पुढं वर्षभर ती कुणी वाचल्याचं मला आढळलं नाही. मूळ पेपरचा उल्लेख मात्र लोक करत राहिले, चार पॉइंट सहा दोनसकट. आमचा मेळ इतका उत्कृष्ट होता की त्याची दुरुस्ती कुणाला नको होती.

मग एक दिवस विदर्भातल्या एका कॉलेजातल्या प्राध्यापिकेची मेल आली. त्याही पीएच.डी. करत होत्या, चाळिशीतच असाव्यात. त्यांनी दुरुस्ती वाचली होती! मी ती मेल तीनदा वाचली. त्यांचं सिम्युलेशन आणि मोजमाप जुळत नव्हतं. आमच्या पत्र्याचा खरा आकडा कळवाल का, असं त्यांनी विचारलं होतं.

मी पानभर उत्तर लिहिलं. आमचा साडेचारच्या आसपास आहे, पण तुमचा पत्रा वेगळा असेल, तो स्वतः मोजून घ्या. आधी यंत्राचं तोंड बघा, पेच पूर्ण बसतो का बघा, शून्य लावा. लॅबमध्ये जुना माणूस असेल तर त्याला विचारा.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "थँक यू सो मच, मॅडम. चार पॉइंट पाच घातला. आता परफेक्ट मॅच होतंय."

मी उत्तर लिहायला घेतलं आणि पुसलं. मग तासाची घंटा झाली, म्हणून उठले. उत्तर अजून दिलेलं नाही.